सुटी केलेली पद्मिनी पुन्हा चालू करायची आहे: सुरुवात इंजिनापासून करावी की ब्रेकपासून?

नागाळापार्ककर

नमस्कार. माझ्या आत्याच्या यजमानांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी गेल्या महिन्यात आमच्या शेडमध्ये आली. ‘गाडी आली’ असे म्हणणे धाडसाचे आहे, कारण टेंपोतून उतरले ते रंग खरवडलेला सांगाडा, जुन्या टायरवर ठेवलेले इंजिन, वेगळा काढलेला गिअरबॉक्स आणि सुट्या भागांनी भरलेली पोती. २०१९ च्या महापुरात ही गाडी कोल्हापुरात दुधाळीत त्यांच्या घरासमोर उभी होती आणि पाणी सीटच्या गादीपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर एका ओळखीच्या मेकॅनिकने ती पूर्ण सुटी केली, पत्रा खरवडला आणि पुढे काम सोडून दिले. कोणत्याही भागावर चिठ्ठी नाही, सगळे नटबोल्ट एकाच डब्यात आहेत आणि वायरिंगचा जो जुडगा हाती आला आहे, त्यावर उंदरांनी आपले काम आधीच पूर्ण केले आहे. यजमान आता हयात नाहीत. आत्याच्या संमतीने गाडी मी घेतली आहे.

मला ती प्रदर्शनात मांडायची नाही. स्वतःच्या इंजिनावर चालत रंकाळ्याला फेरी मारून ती घरी परत यावी, एवढीच अपेक्षा आहे. प्रश्न क्रमाचा आहे. इंजिन आधी चालू करून पाहावे, की ब्रेक आणि सस्पेन्शन बसवून सांगाडा चाकांवर हलता करावा, की पत्रा आणि रंग उरकून मगच यंत्रभागाकडे वळावे? तीन जाणकारांना विचारले आणि तिघांनी तीन उत्तरे दिली. त्यांची नावे सांगत नाही, कारण तिघेही हा धागा वाचण्याची शक्यता आहे.

तांबडा_पांढरा

पोती किती आहेत ते सांगितले नाहीत. सातच्या वर असतील, तर जोडणी संपल्यावर दोन गाड्या निघण्याचीही तयारी ठेवावी.

उद्यमनगरचा_गडी

पहिली सूचना क्रमाबद्दल नसून संयमाबद्दल आहे. इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारून पाहण्याचा मोह कृपया आवरा. पुराच्या पाण्यात राहिलेल्या इंजिनात बोअरला गंज धरलेला असतो, रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, आणि जोर लावून फिरवल्यास जे अजून वाचलेले आहे तेही ओरखडले जाते.

आधी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा ड्रेन नट अगदी सावकाश सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते, म्हणून आत पाणी असेल तर तेलाच्या आधी तेच बाहेर येईल. पाणी आले, किंवा तेल ताकासारखे पांढरट निघाले, तर पुढचा प्रश्नच उरत नाही: चेंबर उघडा, तेलपंपाची जाळी काढून पाहा आणि एखादे बेअरिंग कॅप उघडून क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, तपासा. पंचगंगेचा गाळ फार बारीक असतो. तो तेलाच्या वाटांमध्ये बसला तर इंजिन सुरू होईल, गोड आवाजही करील आणि थोड्याच अंतरावर बेअरिंग खाऊन टाकील.

नुसते काळे तेल निघाले, तर चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईलचे मिश्रण थोडे थोडे सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवून पाहा. फिरले तर उत्तम. अडले तर पुन्हा मिश्रण सोडायचे आणि वाट पाहायची. पान्याला पाइप जोडून लोंबकळायचे नाही.

फियाटवेडा

वरील प्रत्येक शब्दाशी सहमत आहे, परंतु त्याच्याही आधीचे एक काम राहिले आहे. पोती रिकामी करा आणि सगळे भाग जमिनीवर गाडीच्याच मांडणीने ठेवा, म्हणजे पुढचे पुढे, मागचे मागे, डाव्या बाजूचे डावीकडे. असे केले की काय नाही ते दिसू लागते. सुट्या केलेल्या गाडीत खराब भागांपेक्षा हरवलेले भाग अधिक त्रास देतात, आणि हरवलेल्यांतही मोठे भाग नव्हे, तर स्टिअरिंग कॉलमवरून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या लिंकेजचे बुश, पिना, क्लिपा आणि स्प्रिंगा. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी असल्यामुळे ही साखळी लांबलचक असते आणि तिच्यातली एक पिन नसली तरी दुसरा गिअर सापडत नाही.

शहरात एखादी चालती पद्मिनी शोधा आणि मालकाच्या परवानगीने बॉनेटखालचे, डॅशबोर्डखालचे, खालच्या अंगाचे भरपूर फोटो काढून ठेवा. ब्रेकचा पाइप कोणत्या क्लिपेतून जातो हे कोणतेही पुस्तक एवढ्या स्पष्टपणे सांगत नाही.

सुट्या भागांविषयी फार निराश होऊ नका. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्या हजारोंनी धावल्या. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली, तरी टॅक्सीवाल्यांसाठी साठवलेला माल अजून तिकडच्या दुकानांत मिळतो. इंजिनाची गॅस्केटे, क्लच प्लेट, पॉइंट, कंडेन्सर, पंपाचे डायफ्रॅम हे मिळून जाईल. काचेभोवतीचे रबर आणि क्रोमच्या पट्ट्या मात्र मिळतील तेव्हा घेऊन ठेवा.

घाटउतार

माझे मत सरळ विरुद्ध आहे आणि ते तसेच नोंदवतो. इंजिन आधी चालू झाले की माणसाला धीर धरवत नाही. गाडी सुरू होते, जवळचे लोक जमतात, कोणीतरी म्हणतो की एवढ्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ, आणि ब्रेकच्या जागी हँडब्रेकचा दांडा ओढत बसण्याची वेळ येते. पन्हाळ्याच्या रस्त्यावर, वाघबीळच्या उतारावर, जुन्या गाड्यांना ब्रेक लागेनासे झाल्याचे प्रसंग मी पाहिलेले आहेत आणि प्रत्येक वेळी मालकाचे वाक्य एकच होते, की इंजिन अगदी झकास चालले होते.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुरात गेलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर हमखास आतून गंजलेले असतात, कारण ब्रेक ऑईल हवेतले पाणीही ओढून घेते, मग पुराच्या पाण्याची गोष्टच सोडा. म्हणून आधी मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, लोखंडी पाइप आणि रबरी नळ्या हे सगळे नवे किंवा दुरुस्त करावे, एअर काढावी, गाडी ढकलून ब्रेक लागतात हे पाहावे आणि मगच इंजिनाला हात लावावा.

उद्यमनगरचा_गडी

घाटउतार साहेब, रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेक हवेत, याविषयी वाद घालणारा मेकॅनिक निदान मी तरी नाही. माझा मुद्दा खर्चाचा आहे. इंजिनाचा ब्लॉकच तडकलेला असेल किंवा क्रँक वाकलेला असेल, तर ब्रेक आणि रंगावर पैसे घालण्यापूर्वी ते कळलेले बरे. इंजिन सांगाड्याबाहेर, अँगलच्या स्टँडवर चालवून पाहता येते. ज्या इंजिनाला चाकेच जोडलेली नाहीत, ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ शकत नाही.

घाटउतार

स्टँडवर चालवणार असाल तर माझा आक्षेप मागे घेतो. रंग मात्र सगळ्यांत शेवटी, एवढ्यावर तरी एकमत व्हावे. ताज्या रंगावर इंजिन उतरवताना साखळी घासली, की मालकाच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते येथे लिहिता येत नाहीत.

लेथवरची_लेक

आमचे लेथचे छोटे वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आहे, म्हणून कोणते काम कोल्हापुरात होते याविषयी थोडे लिहिते. शेतीच्या ऑईल इंजिनांच्या आणि फाउंड्रीच्या धंद्यामुळे या शहरात बोअर मारणे, लायनर बसवणे, क्रँक ग्राइंड करणे, हेडला फेस मारणे (म्हणजे त्याची बैठक सपाट करणे), व्हॉल्व्हच्या सीट कापणे ही कामे पिढ्यान्पिढ्या होत आली आहेत. १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन आमच्याकडच्या जुन्या कारागिरांना नवे नाही.

दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. गाडी वर्षानुवर्षे बोअरवेलच्या पाण्यावर चाललेली असेल, तर हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या असतात आणि नुसता फेस मारून भागत नाही. आधी वेल्डिंगने भरावे लागते. म्हणून हेड काढलेच, तर गॅस्केटच्या खुणांबाहेर खड्डे गेले आहेत का ते पाहा. दुसरे असे, की फेस मारताना लागेल तेवढाच थर उतरवायला सांगावा. ‘आणखी थोडे घेतो, पिकअप वाढेल’ असे कोणी म्हटल्यास नम्रपणे नकार द्यावा.

ब्रेकच्या सिलिंडरांबाबत घाटउतार काकांनी नव्या भागांचा आग्रह धरला आहे. नवे मिळाले तर घ्यावेतच, परंतु जुने बिडाचे सिलिंडर बोअर करून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवता येते. मूळ व्यासाला फिनिश केले की नेहमीचेच रबरी किट त्यात बसते. गंजलेल्या बोअरमध्ये नवे किट घालणे म्हणजे मात्र पैसे पाण्यात टाकणे आहे, कारण खड्ड्यांच्या कडांवर रबर घासून थोड्याच दिवसांत ऑईल झिरपू लागते.

तांबडा_पांढरा

‘पिकअप वाढेल’ हे वाक्य ऐकून ज्यांनी होकार दिला, त्यांचा वेगळा धागा काढला तर तो या धाग्यापेक्षा लांब होईल.

कायदेकानू

यंत्रभागाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी कागदांबद्दल लिहितो. पत्रा आधीच खरवडलेला आहे, असे वाचून थोडी काळजी वाटली. आज पहिले काम म्हणून चासिस नंबर आणि इंजिन नंबर जागेवर स्पष्ट वाचता येतात का ते पाहा, त्यांची पेन्सिलने छाप घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सँडब्लास्टिंग किंवा ग्राइंडर करणाऱ्याला तो भाग झाकून ठेवायला सांगा. नंबर पुसट झाला, तर पुढे तपासणीच्या वेळी जो खुलासा करावा लागतो, त्यापेक्षा इंजिन उघडणे सोपे आहे. ब्लॉक बदलावा लागणार असेल तर त्याची परवानगी आधी घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

मालक हयात नसल्यामुळे गाडी प्रथम वारसाच्या, म्हणजे तुमच्या आत्यांच्या नावावर फॉर्म ३१ ने होईल आणि त्यांच्याकडून फॉर्म २९ व ३० ने तुमच्या नावावर. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचे असते. त्यासाठी गाडी चालत्या स्थितीत तपासणीला न्यावी लागते. वीस वर्षांवरील मोटारींचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० रुपये झाले आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराचा आकार वेगळा, त्यामुळे हा आकडा खर्चाच्या अंदाजात आधीच धरा.

काही जण व्हिंटेज नोंदणीचा सल्ला देतील. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मोठे फेरबदल न केलेली असावी लागते. १९८४ च्या गाडीला ती संधी २०३४ नंतर मिळेल. त्या नोंदणीवर गाडी रोज वापरताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रंकाळ्याची फेरी त्यात बसवण्यासाठी चांगला वकील लागेल.

मंगळवारपेठेची_सून

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक दिमाखात येते, तेव्हा तिच्याकडे पाहून आमच्या घरातले पुरुष दरवर्षी एखादी जुनी गाडी घेण्याचा संकल्प सोडतात. हा धागा मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कायदेकानू यांच्या प्रतिसादापर्यंत पोहोचेतो संकल्प बराचसा निवळला होता, याबद्दल आभार.

नागाळापार्ककर

सर्वांचे आभार. बरेच दिवस लिहिता आले नाही, कारण हात सतत काळे होते.

चासिस नंबर स्पष्ट आहे आणि छाप घेऊन ठेवली आहे. ड्रेन नट सैल केल्यावर पहिल्यांदा पाणीच आले, त्यामुळे चेंबर उघडला. जाळीवर गाळाचा थर होता, पण उघडलेल्या बेअरिंगांवर ओरखडे नव्हते. तरीही सर्व बेअरिंग कॅप क्रमांक घालून उघडल्या, तेलाच्या वाटा डिझेलने आणि हवेने स्वच्छ केल्या आणि नवी बेअरिंगे घातली. हेड लेथवरची लेक यांनी सांगितल्याप्रमाणे तपासून घेतले. दोन जागी भरावे लागले, फेस मारला, व्हॉल्व्ह लॅप केले. बोअर मात्र वाचले. गंज वरवरचा होता, होनिंग आणि नव्या रिंगांवर भागले.

फियाटवेडा यांच्या सांगण्यानुसार सगळे भाग मांडल्यावर आढळले, की रेडिएटरचा खालचा कोपर-पाइप, डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) पकड आणि लिंकेजच्या बहुतेक पिना नाहीत. उलट दोन वायपर मोटारी जास्तीच्या निघाल्या. दुसऱ्या गाडीचे भाकीत अगदीच निराधार नव्हते.

आता अडचण अशी आहे. इंजिन बेलहाऊसिंगसह (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटाकार आवरणासह) स्टँडवर चढवले आहे, कारण सेल्फ त्याशिवाय बसत नाही. प्लग काढून सेल्फवर फिरवले तेव्हा तेलाचा दाब आला. प्लग लावले, ठिणगी निळी आहे, वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल येत आहे, परंतु इंजिन सुरू होत नाही. मधूनच कारबुरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि एकदा ज्वाळाही दिसली. डेल्को त्या मेकॅनिकने काढून पुन्हा ब्लॉकवर बसवलेला होता. त्याला मी हात लावलेला नाही.

ऊसकरी

निदान करण्यापूर्वी एक विनंती. ज्वाळा दिसली असेल तर कारबुरेटरच्या वर टांगलेली पेट्रोलची बाटली आधी काढा आणि आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवा. ओली पोती पेट्रोलच्या आगीला पुरेशी ठरतील, असे समजू नका.

उद्यमनगरचा_गडी

ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि कारबुरेटरमधून उलटे फटकते, म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी पडते आहे. ज्या डेल्कोला हात लावलेला नाही म्हणता, तिथेच पाहायचे आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डेल्कोचा एक होतो. पुलीवरची खूण जुळली म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आहे एवढेच कळते. तो कॉम्प्रेशनमध्ये वर आला आहे की धूर बाहेर टाकताना, हे त्या खुणेवरून कळत नाही. बसवणाऱ्याने दुसऱ्या वेळी डेल्को बसवला असेल तर अर्धा फेरा चुकलेला आहे.

टॅपेट कव्हर उघडा आणि चौथ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे पाहत पाहत इंजिन हाताने फिरवा. चौथ्याचा एक व्हॉल्व्ह मिटत असताना दुसरा उघडू लागतो, त्या क्षणी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर असतो. आता डेल्कोचे टोपण काढून आतला फिरणारा रोटर कोणत्या तारेकडे तोंड करून आहे ते पाहा. तो पहिल्याऐवजी चौथ्याच्या तारेकडे असेल, तर निदान झाले.

फियाटवेडा

आणि तसे निघाले तर डेल्को लगेच उपसण्याची गरज नाही. या इंजिनाचा ज्वलनक्रम १-३-४-२ आहे, त्यामुळे टोपणावर १ च्या समोर ४ आणि ३ च्या समोर २ येतो. पहिल्या व चौथ्या तारांची अदलाबदल करा, तशीच दुसऱ्या व तिसऱ्यांची, आणि सुरू करून पाहा. पॉइंटची फटही फीलर गेजने मोजून घ्या, अंदाजाने नको.

घाटउतार

नंतर डेल्को योग्य जागी बसवून ताराही मूळ जागी आणाव्यात, एवढी पुस्ती जोडतो. तात्पुरती अदलाबदल तशीच राहिली, की पाच वर्षांनी दुसरा मेकॅनिक पुस्तकाप्रमाणे तारा लावतो आणि असाच दुसरा धागा निघतो.

नागाळापार्ककर

रोटर चौथ्याकडेच तोंड करून होता. तारा बदलल्या, चोक ओढला आणि इंजिन जवळपास पहिल्याच झटक्यात सुरू झाले. धूर एवढा झाला की शेजाऱ्यांनी काळजीने विचारपूस केली, पण पाणी तापेपर्यंत तो विरळ झाला. स्टँडवर रेडिएटर जोडलेला होता, त्यामुळे निवांत चालवता आले. डेल्कोही नंतर सरळ बसवला आहे, घाटउतार काका.

तांबडा_पांढरा

नाद खुळा! ध्वनिफीत टाकावी. तीन पिढ्या एकत्र बसून ऐकतील.

ऊसकरी

अभिनंदन. आता पेट्रोलविषयी थोडे गंभीरपणे. आपल्या जिल्ह्याच्या उसाचे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. शेतकरी म्हणून मला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, परंतु १९८४ च्या रबराला ते मानवत नाही. जुन्या नळ्या मऊ पडतात, आतून सोलवटतात आणि एसी पंपाचा (पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम ताठरतो किंवा फाटतो. हा पंप ब्लॉकवर बसून कॅमवर चालतो. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमधल्या तेलात उतरते, म्हणून अधूनमधून डिपस्टिक नाकाशी धरून वास घ्यावा. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, डायफ्रॅमही तशाच मालाचा मागा.

इथेनॉल पाणी शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर पाणी व इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसतात आणि पत्रा आतून गंजवतात. तुमची टाकी पुरातली असल्याने ती आधी धुवायलाच हवी. आत साखळीचा तुकडा आणि डिझेल घालून हलवणे हा जुना उपाय अजूनही चालतो. टाकीला छिद्र असेल तर ती ‘रिकामी’ आहे म्हणून वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच धोक्याची असते.

नागाळापार्ककर

मान्य. टाकी खाली उतरवली आहे. दरम्यान इंजिन आणि गिअरबॉक्स सांगाड्यात बसवले. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शिअलचे तेलही पांढरट निघाले होते, ते धुऊन नवे भरले. आता किल्ली फिरवली की सोलेनॉइड फक्त टकटक करतो आणि स्टँडवर उत्तम फिरणारा सेल्फ फिरत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे, चोकची तार गरम लागते.

लेथवरची_लेक

दादा, चोकची तार गरम लागते, यातच उत्तर आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि सांगाडा यांच्यात विजेची वाट फक्त अर्थच्या जाड पट्टीतून असते. ती पट्टी पोत्यातच राहिलेली दिसते. सेल्फला लागणारा सगळा करंट मग मिळेल त्या वाटेने, म्हणजे चोकच्या बारीक तारेतून परत जाण्याचा प्रयत्न करतो. पुन्हा किल्ली फिरवू नका, तार लाल होऊन आवरण पेटू शकते. इंजिनाच्या एका बोल्टपासून सांगाड्यापर्यंत नवी विणलेली पट्टी लावा आणि दोन्ही टोकांखालचा पत्रा उघडा, चकचकीत करून घ्या. पुढे रंगकाम होईल तेव्हा ह्या जागा झाकायला सांगा.

नागाळापार्ककर

पट्टी चौथ्या पोत्यात, वायपर मोटारीच्या खाली सापडली. लावताच सेल्फ फिरला आणि इंजिन सांगाड्यात सुरू झाले. ताई, आभार.

वायरिंगचे मात्र काय करावे? उंदरांनी खाल्लेला जुडगा जोडत बसू की नवा घेऊ?

फियाटवेडा

नवा. जुन्याला टेप गुंडाळून काम चालवले, तर प्रत्येक पावसाळ्यात एक दिवा जाईल आणि तो का गेला हे शोधण्यात सुट्ट्या जातील. जुना जुडगा फेकू नका, रंगांच्या क्रमासाठी समोर ठेवा. आणि मूळ गाडीत फार कमी फ्यूज असतात, म्हणून हेडलाइटला वेगळा रिले आणि फ्यूज द्या, म्हणजे सगळा भार दिव्याच्या स्विचवर येणार नाही.

घाटउतार

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर परत येतो, कारण इंजिन सांगाड्यात आहे, गिअरबॉक्स जोडलेला आहे आणि आमच्या नागाळापार्ककरांच्या प्रतिसादांतून उत्साह दिसू लागला आहे. चाकांचे सिलिंडर झाले का?

नागाळापार्ककर

पुढचे दोन नवे मिळाले, मागचे दोन स्लीव्ह करून आणले. मास्टर सिलिंडर नवा घातला. लोखंडी पाइप सगळे बदलले, रबरी नळ्याही. काल एअर काढली, पेडल कडक आहे आणि रात्रभर दाबून ठेवले तरी कुठे झिरपलेले नाही. मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा प्रोपेलर शाफ्ट मुद्दाम अजून जोडलेला नाही, म्हणजे उत्साहालाही चाके लागणार नाहीत.

घाटउतार

उत्तम. तरीही धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे माझे उत्तर ब्रेक हेच राहील. तुमच्याकडे स्टँड होता, उद्यमनगर हाकेच्या अंतरावर होते आणि सांगणारी माणसे होती. गावाकडे एकट्याने काम करणाऱ्याने हा धागा वाचून इंजिन आधी सांगाड्यात घालू नये, एवढ्यासाठी लिहितो.

उद्यमनगरचा_गडी

आणि माझे उत्तर इंजिन, पण स्टँडवर. ज्याला स्टँड शक्य नाही, त्याने घाटउतार यांचे ऐकावे. ब्लॉक फुटलेला निघाला असता, तर हाच धागा दुसऱ्याच प्रतिसादाला संपला असता.

नागाळापार्ककर, शाफ्ट जोडल्यावर पहिल्यांदा मागची चाके स्टँडवर उचलून चारही गिअर टाकून पाहा. लिंकेजच्या नव्या पिना बसल्यावर दुसरा आणि तिसरा अडखळत असतील, तर गिअरबॉक्सला दोष देण्यापूर्वी कॉलमच्या तळाचे बुश आणि रॉडची लांबी जुळवा. थोडे चालवून झाल्यावर हेडचे नट थंड इंजिनावर क्रमाने पुन्हा ताणायचे आणि टॅपेट मोजायचे. फेस मारलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला ते आवश्यक आहे.

कायदेकानू

आणि रस्त्यावर आणण्यापूर्वी विमा. तपासणीला नेण्याच्या वाटेवरही तो लागतोच.

नागाळापार्ककर

विम्याची चौकशी सुरू केली आहे, फॉर्म ३१ आत्याच्या सहीसह भरून झाला आहे. हेडचे नट रविवारी ताणतो. जास्तीच्या दोन वायपर मोटारी कोणाला हव्या असतील तर संपर्क करावा. एक चालू आहे, दुसरीबद्दल खात्री देत नाही.

मंगळवारपेठेची_सून

कृपया आमच्या घरी कोणी कळवू नये.